संपर्क फॉर्म आणि पोहोचलेला निरोप

बडोद्यातील आमच्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे. त्यावर येणाऱ्यांमध्ये सभागृहाचे भाडे विचारणारे असतात, व्याख्यानमालेची चौकशी करणारे असतात, आणि एके काळी दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात राहून आता पुण्याला अथवा परदेशी स्थायिक झालेली माणसेही असतात. या शेवटच्या मंडळींना मंडळाशी बोलण्यासाठी संपर्क फॉर्माखेरीज दुसरे सोयीचे साधन नसते, आणि म्हणूनच त्या फॉर्माकडे मी संकेतस्थळाच्या इतर कोणत्याही पानापेक्षा अधिक लक्ष देतो. फॉर्म पानावर दिसू लागणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग आहे. त्यात लिहिलेला मजकूर उत्तर देणाऱ्या माणसाच्या हाती पडणे हे खरे काम.

संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवर आहे. तशाच द्रुपल आणि जूमला या प्रणालींमध्ये संपर्काची सोय मूळ प्रणालीतच मिळते. वर्डप्रेसमध्ये ती नाही, त्यासाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, घ्यावा लागतो. मी ताकायुकी मियोशी यांचे, २००७ पासून चालत आलेले ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ वापरतो. ते विनामूल्य आहे आणि त्याची रचना सरळ आहे: एका कप्प्यात फॉर्मातील रकाने, दुसऱ्यात त्यांतून तयार होणाऱ्या ईमेलचा साचा, आणि तयार झालेला शॉर्टकोड, म्हणजे फॉर्म जेथे दिसायला हवा तेथे ठेवायची छोटी खूण, पानावर चिकटवायचा.

रकाने मात्र विचारपूर्वक ठेवावेत. नाव, ईमेल आणि मजकूर एवढे आम्ही अनिवार्य ठेवले असून दूरध्वनी ऐच्छिक आहे. दूरध्वनीसाठी ‘संख्या’ या प्रकारचा रकाना घेऊ नये, कारण त्यात देशाच्या संकेतांकाआधीचे अधिक चिन्ह नीट टिकत नाही. दूरध्वनीचा स्वतंत्र प्रकार उपलब्ध आहे, तो निवडावा. रकान्याचे नाव रकान्याच्या वर लिहावे. ते फिकट अक्षरांत आत ठेवले, तर टंकलेखन सुरू होताच नाहीसे होते, आणि वयस्कर वाचकाला आपण कोठे काय भरत आहोत हे कळेनासे होते. ज्यांच्याकडे ईमेलच नाही, त्यांच्यासाठी कार्यालयाचा दूरध्वनी आणि वेळ फॉर्माशेजारीच ठळकपणे छापलेली आहे.

आता ईमेलकडे वळतो, कारण बहुतेक संपर्क फॉर्म येथेच निकामी होतात. ‘संदेश पाठवला आहे’ अशी हिरवी चौकट दिसली, म्हणजे वर्डप्रेसने ईमेल पुढे पाठवण्यासाठी सोपवला, एवढाच त्याचा अर्थ असतो. तो इनबॉक्सात पडला की स्पॅममध्ये, की वाटेतच नाकारला गेला, हे वर्डप्रेसला ठाऊक नसते. वेगळी व्यवस्था केली नसेल, तर हा ईमेल होस्टिंगच्या, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर ठेवलेले असते त्या, सर्व्हरवरून पीएचपी या वर्डप्रेसच्या प्रोग्रामिंग भाषेतील साध्या मेल सुविधेने निघतो, आणि अशा ईमेलकडे मोठ्या सेवा संशयाने पाहतात.

त्यात ‘प्रेषक’ म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता घालण्याची पद्धत फार प्रचलित आहे. वरवर ती सोयीची वाटते, कारण उत्तर थेट त्या व्यक्तीला जाते. पण आपला सर्व्हर जीमेलचा नसताना जीमेलच्या पत्त्याने ईमेल पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने सही करणे होय. अशी तोतयेगिरी ओळखणाऱ्या तीन तपासण्या आहेत: कोणत्या सर्व्हरला एखाद्या डोमेनच्या (पत्त्यातील @ नंतरच्या भागाच्या) नावाने ईमेल पाठवण्याची मुभा आहे हे एसपीएफ सांगते, ईमेलवरील डिजिटल स्वाक्षरी डीकेआयएम तपासते, आणि यांपैकी किमान एकाचे डोमेन दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळते की नाही, व जुळत नसल्यास काय करावे, हे डीमार्क ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक प्रेषकासाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम आवश्यक केले आहे. म्हणून प्रेषकाच्या जागी मंडळाच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवावा आणि फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ या शीर्षकात घालावा. उत्तर तरीही योग्य ठिकाणीच जाते.

सोबत एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या प्रमाण पद्धतीचे एखादे प्लगइन बसवून, मंडळाच्या ईमेल खात्याद्वारे, ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून, ईमेल पाठवण्याची व्यवस्था करावी. डोमेनच्या नोंदींत एसपीएफची नोंद एकच असावी. दोन सेवांसाठी दोन वेगळ्या नोंदी केल्या, तर तपासणी चुकीची ठरून दोन्ही निरुपयोगी होतात. त्यांचा मजकूर एकाच नोंदीत एकत्र करावा लागतो. मग चाचणीचा ईमेल जीमेलमध्ये उघडून मूळ संदेश पाहावा: तेथे तिन्ही तपासण्यांचा निकाल स्पष्ट लिहिलेला असतो.

एवढे करूनही ईमेल हरवू शकतो, आणि ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ स्वतः संदेशाची प्रत ठेवत नाही. त्याच लेखकाचे ‘फ्लेमिंगो’ हे प्लगइन प्रत्येक संदेश संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये साठवते. माझ्या मते ते फॉर्माबरोबरच, पहिल्याच दिवशी बसवायला हवे.

स्पॅमसाठी चित्रांतले सिग्नल ओळखायला लावणारी कोडी मला मान्य नाहीत. सत्तरीच्या माणसाला मंडळाला चार ओळी लिहिण्यापूर्वी अशी परीक्षा द्यायला लावणे योग्य नव्हे. या प्लगइनमध्ये प्रश्न विचारण्याची सोय आहे, आणि ‘बडोद्यातून कोणती नदी वाहते?’ असा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. परंतु विश्वामित्री हे उत्तर आपल्याकडे कोणी देवनागरीत, कोणी गुजरातीत, तर कोणी रोमन लिपीत लिहील, आणि यंत्राला ठरलेले उत्तरच लागते. त्यापेक्षा माणसाला न दिसणारा, केवळ यंत्रे भरतात असा रिकामा रकाना ठेवणे आणि जोडीला अकिस्मेट या स्पॅम ओळखणाऱ्या सेवेसारखी गाळणी लावणे बरे.

साठवलेल्या माहितीची जबाबदारीही येते. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ मध्ये संमत झाला आहे. माहिती कशासाठी घेत आहोत आणि ती केव्हा काढून टाकू, हे आम्ही फॉर्माखाली मराठी, गुजराती आणि इंग्रजीत लिहिले असून त्यासोबत संमतीची चौकट दिली आहे. चौकशी संपल्यावर ‘फ्लेमिंगो’तील नोंद पुसली जाते.

सर्व संदेश चिटणीसांच्या खाजगी पत्त्यावर न जाता मंडळाच्या सामाईक पत्त्यावर जातात, कारण पदाधिकारी बदलतात आणि जुन्या चिटणीसांच्या खात्यात पडलेले पत्र नव्यांना दिसत नाही. होस्टिंग बदलले, प्लगइनची नवी आवृत्ती आली किंवा डोमेनच्या नोंदींना हात लागला, की मी फॉर्म पुन्हा भरून पाहतो: एकदा जीमेलच्या आणि एकदा दुसऱ्या सेवेच्या पत्त्यावरून, एकदा देवनागरीत आणि एकदा गुजरातीत. त्यानंतर सामाईक खात्यात संदेश आला का, अक्षरे शाबूत आहेत का, आणि ‘उत्तर द्या’ दाबल्यावर पत्ता लिहिणाऱ्याचाच येतो का, हे तपासतो.