तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजच्या ग्रंथपालानं पुढे शिकायचं कुठे?

"मॅडम, एम.लिब. झालं, नेट झाली, कॉलेजात लागलेही. आता पुढे कुठे शिकू?" हा प्रश्न मला वर्षभर येत असतो. इंटर्नशिपला आलेल्या मुली विचारतात, नव्यानं लागलेले ग्रंथपाल फोनवर विचारतात. त्याच्या मागोमाग दुसराही येतो: "ग्रंथपालांच्या संघटनेचं सदस्य होऊन नेमकं मिळतं काय?" इश्यू-काउंटरवर रांग लागलेली असताना याची धड उत्तरं देता येत नाहीत. म्हणून आज सवडीनं लिहिते आहे.

आधी आपल्या नोकरीचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. इतिहासाच्या प्राध्यापकाला विभागात निदान एक तरी सहकारी असतो. अकाउंट्सच्या बाईंना शेजारच्या टेबलावर कुणीतरी असतं. कॉलेजचा ग्रंथपाल मात्र बहुतेक ठिकाणी एकटाच. आपलं काम बरोबर चाललंय की चुकतंय, हे सांगणारं त्या इमारतीत कुणीच नसतं. प्राचार्यांना आकडे हवे असतात, आयक्यूएसीला (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला) फाइल हवी असते, मुलांना पुस्तक हवं असतं. कॅटलॉग नीट झाला आहे का, हे विचारणारा माणूस दुसऱ्या कॉलेजात बसलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत आपल्यालाच जावं लागतं. आपल्या व्यवसायात संघटना आणि मंडळं लागतात ती याचसाठी. माझा सल्ला एवढाच, की बाहेर पडाल तेव्हा अडलेलं एखादं काम बरोबर घेऊन निघा.

उदाहरण मराठी पुस्तकांचंच देते, कारण मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांत हे दुखणं आहे. संगणकीकरणाच्या पहिल्या लाटेत अनेक ग्रंथालयांनी मराठी नोंदी युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केल्या. तो डेटा आता कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा म्हटलं की पडद्यावर भलतीच चिन्हं उमटतात. फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं फुटतात आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. हे सगळं निस्तरलं तरी ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकी कॅटलॉगवर, देवनागरीत शोध लागेलच असं नाही. कोहाच्या आत शोधासाठी झेब्रा नावाची यंत्रणा असते, आणि ती बसवताना आयसीयू या युनिकोड अक्षरं हाताळणाऱ्या घटकाची निवड केली नसेल तर देवनागरीतला शोध धड चालत नाही. हे मला कोणत्याही कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. ठाण्याकडच्या एका ग्रंथपाल मित्रानं सांगितलं. फुटणाऱ्या अक्षरांची त्यानं स्वतःसाठी केलेली यादीही त्यानं मला दिली. माझं कित्येक आठवड्यांचं काम वाचलं.

मग नावांचा प्रश्न उभा राहतो. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. कुणी दामले आडनावानं शोधलं तर त्याला केशवसुतांपर्यंत नेण्यासाठी अ‍ॅथॉरिटी रेकॉर्डमध्ये, म्हणजे लेखकाच्या नावाच्या प्रमाण नोंदीत, ४०० चा टॅग (पर्यायी नावाचा रकाना) भरायचा. कुसुमाग्रजांचं प्रकरण निराळं. कविता कुसुमाग्रज या नावानं, नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावानं. दोन्ही नावं पुस्तकांवर छापलेली, दोन्ही वाचकांच्या तोंडी. तिथे एक नाव दुसऱ्यात बुडवायचं नाही, दोन्ही स्वतंत्र ठेवून ५०० च्या टॅगनं ('हेही पाहा'च्या रकान्यानं) एकमेकांना जोडायची. यावर आम्ही काही जणांनी एका शनिवारी दुपारभर वाद घातला. कुणालाही सर्टिफिकेट मिळालं नाही, पण त्या खोलीतल्या प्रत्येकाचा कॅटलॉग त्या दिवसापासून सुधारायला लागला. माझ्या मते व्यावसायिक विकास म्हणतात तो हाच. परदेशी मॅन्युअलमध्ये मराठी टोपणनावांचा निकाल लागलेला नसतो. तो आपणच एकत्र बसून लावायचा असतो, कारण हे काम दुसरं कुणी करणार नाही.

आपल्या व्यवसायाचे आद्यपुरुष डॉ. रंगनाथन हेही असेच शिकले. ते मुळात गणिताचे शिक्षक. १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे वर्गात बसले, पण त्याबरोबर शंभरावर ग्रंथालयं स्वतः पायांनी फिरून पाहिली. एकाच प्रकारचं काम वेगवेगळ्या ठिकाणी कसं चालतं हे पाहून ते परतले. १९२८मध्ये मद्रास लायब्ररी असोसिएशन स्थापन झाली तिच्यामागेही ते होते, आणि ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१मध्ये पुस्तकरूपानं आले. दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. त्या दिवशी शेजारच्या कॉलेजची लायब्ररी पाहायला गेलो, तर त्यांची आठवण जास्त चांगली राहील असं मला मनापासून वाटतं.

आणि या बाबतीत मुंबईसारखं शहर नाही. लोकलच्या पासावर काय काय पाहता येतं बघा. गोवंडीला उतरलात की टीस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय काय करू शकतं, ते तिथे पाहावं. कांजूरमार्गला उतरून पवईला आयआयटी. फोर्टात मुंबई विद्यापीठाचं राजाबाई टॉवरच्या इमारतीतलं ग्रंथालय, आणि तिथून चालत गेलात की टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी. एशियाटिकनं जुना संग्रह डिजिटल करून 'ग्रंथसंजीवनी' उभी केली आहे. तुमच्या कॉलेजकडे शंभर वर्षांपूर्वीची मासिकं असतील, तर स्कॅनिंगचं कंत्राट देण्याआधी हे काम समजून घ्या.

पुस्तकं जपण्याचं ज्ञान तर आपल्या शहरात जीवनावश्यक आहे. जुलैतल्या दमट हवेत बंद कपाटात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. पुस्तक भिजलं की साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेवढ्या वेळात वाळवणं शक्य नसेल तर पुस्तकं गोठवून ठेवतात, म्हणजे बुरशी थांबते आणि पुढचा विचार करायला उसंत मिळते. कडक उन्हात टाकलीत तर पानं वाकडी होतात, बांधणी सुटते. हे हातानं काम करणाऱ्या माणसाजवळ उभं राहूनच शिकावं. अशा भेटीसाठी मोठी परवानगी लागत नाही. तिथल्या ग्रंथपालांना आधी पत्र लिहा, काय पाहायचं आहे ते नेमकं कळवा, आणि दोन प्रश्न लिहून न्या. नेमका प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला आपल्या व्यवसायात सहसा कुणी परत पाठवत नाही.

आता नियमांचा भाग, कारण प्रमोशन त्यावर अवलंबून आहे आणि ते कमी लेखण्यासारखं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षं सेवा लागते. त्याबरोबर २१ दिवसांचा एक ओरिएंटेशन कोर्स, आणि ऑटोमेशन किंवा डिजिटायझेशनवरचं निदान पाच दिवसांचं प्रशिक्षण. पूर्वी ज्यांना अकॅडमिक स्टाफ कॉलेज म्हणत, नंतर एचआरडीसी म्हणत, हे कोर्स घेणारी ती केंद्रं आता मालवीय मिशनच्या नावानं चालतात. ओरिएंटेशन सगळ्या विषयांच्या लोकांबरोबर असतं. त्यात लायब्ररीचं फारसं नसतं म्हणून काही जण नाराज होतात. मला ते आवडतं. इतर विषयांचे शिक्षक पुस्तकं कशी निवडतात, संशोधनात त्यांचं कुठे अडतं, हे चहाच्या वेळेत जेवढं कळतं तेवढं काउंटरमागे बसून कळत नाही. पाच दिवसांचं प्रशिक्षण मात्र तारखा जुळतात म्हणून घेऊ नका. स्वतःचा डेटा नेऊन त्यावर काम करता येईल, असंच निवडा.

संघटनांचं थोडक्यात. इंडियन लायब्ररी असोसिएशन १९३३ची, देशभरची. आयस्लिक १९५५ची, कोलकात्याची, विशेष ग्रंथालयांकडे कल असलेली. मुंबईत विज्ञान ग्रंथालयांतल्या मंडळींची बोस्ला आहे. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ही संघटना नाही, यूजीसीचं केंद्र आहे, पण शोधगंगा (प्रबंधांचा संग्रह), एन-लिस्ट (कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं देणारी सेवा), सोल (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) हे सगळं तिथूनच चालतं, त्यामुळे त्यांच्या कार्यशाळांना गेलात तर ते उद्याच्या कामात उतरतं. त्यांचं कॅलिबर संमेलन एकदा तरी अनुभवावं. नव्वदच्या दशकात मुंबईतली ग्रंथालयं संगणकानं जोडण्यासाठी जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत बोनेट उभं राहिलं होतं. आज ते नाही. आजही पुस्तक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जातं, ते बहुतेक वेळा ओळखीवर आणि एका फोनवर. म्हणून सदस्यत्वाची पावती फाइलला लावून थांबू नका, सभांना जा आणि माणसं ओळखीची करून घ्या.

काय शिकावं हेही विचारता. सध्या माझं ठाम मत असं की संशोधन प्रकाशनाची बाजू शिका. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीनं केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद केली. आधी प्राध्यापक विचारायचे, "हे जर्नल लिस्टमध्ये आहे का?" आणि आपण बघून सांगायचो. आता जर्नल चांगलं की पैसे उकळणारं, हे ज्या त्या संस्थेनं पारखायचं आहे. कॉलेजात हे पारखू शकणारा माणूस कोण? संपादक मंडळावरची माणसं खरी आहेत का, लेख तपासले जातात की चार दिवसांत 'स्वीकारला' म्हणून मेल येतो, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) त्याच जर्नलचा आहे का, हे आपण तपासू शकतो आणि शिकवूही शकतो. साहित्यचौर्याचंही तसंच. त्याबद्दलच्या यूजीसीच्या २०१८च्या वेगळ्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधलं कोणतं साम्य निरुपद्रवी आणि कोणतं खरी चोरी, ते वाचून सांगणारा लागतो. हे काम आपण मागून घ्यावं.

संशोधन नियतकालिकांच्या देशभरासाठीच्या एकत्रित वर्गणीच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली: ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. ती मुळात केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. आपल्याकडची कितीतरी कॉलेजं खासगी संस्थांची, म्हणून एन-लिस्टचं महत्त्व आपल्याला कमी होत नाही. दोन्हीकडे खरं काम लॉगिन वाटल्यानंतर सुरू होतं. टी.वाय.च्या मुलीला आपल्या प्रकल्पासाठी लेख शोधता आला पाहिजे. तो तास कसा घ्यायचा, हे एकमेकांचे तास पाहून शिकण्यासारखं आहे.

पीएचडी करू का? मनात एखादा प्रश्न ठाण मांडून बसला असेल तर जरूर करा. नसेल तर दोन वर्षं काम करा, प्रश्न आपोआप सापडतो.

आता ज्याबद्दल तुम्ही दबक्या आवाजात विचारता ते. कंत्राटी पगारात नोंदणी शुल्क कुठून भरायचं, आणि लायब्ररी बंद ठेवून जाऊ कशी? ही अडचण खरी आहे, आणि तुमच्या उत्साहाच्या कमतरतेशी तिचा काही संबंध नाही. वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवलेल्या जागांचा भार तुमच्या खांद्यावर आहे. यावर संघटनांनी बोललंच पाहिजे, आणि आम्ही कायम नोकरीतल्यांनी सभेत उठून बोललं पाहिजे. तोवर स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स आणि एनडीएलआय (राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय) क्लबचे कार्यक्रम विनाशुल्क घेता येतात. प्राचार्यांना अर्ज देताना 'कार्यशाळेस उपस्थित राहण्याबाबत' एवढंच लिहू नका. परत आल्यावर लायब्ररीत कोणतं काम होईल ते लिहा, आणि आल्यावर ते करून पानभर अहवाल द्या. पुढची परवानगी सोपी जाते. आणि ग्रंथालय परिचरांनाही पाठवा. पुस्तक रोज त्यांच्या हातात असतं. बांधणी दुरुस्त करायला शिकलेला परिचर तुमच्या लायब्ररीचं आयुष्य वाढवतो, पण त्याचं नाव प्रशिक्षणासाठी कुणी सुचवत नाही.

शेवटी, तुमच्याकडे द्यायला काही नाही असं समजू नका. दर जानेवारीत आणि मे महिन्यात जगभरचे ग्रंथपाल विकिपीडियातल्या लेखांना एकेक संदर्भ जोडतात. मराठी विकिपीडियावर संदर्भाविना पडलेले लेख भरपूर आहेत, आणि त्यांचे संदर्भ आपल्याच कपाटांतल्या जुन्या मासिकांत आहेत. वर्गणी नाही, प्रवास नाही. मुलांनाही बरोबर बसवता येतं, म्हणजे संदर्भ म्हणजे काय ते त्यांनाही कळतं.

कोणत्या संघटनेचं सदस्य आधी व्हावं, एवढं राहिलं. जिच्या सभेला काम संपल्यावर लोकलनं जाऊन रात्रीच्या जेवणाआधी घरी येता येतं, तिचं आधी व्हा. देशपातळीवरचं सदस्यत्व पुढच्या वर्षी घ्या. आणि टोपणनावांची आमची फाइल हवी असेल तर निःसंकोच मागा, तिच्यात अजून विदर्भातले आणि कोकणातले बरेच लेखक यायचे आहेत.