त्सो कार: आधी पायाखाली बघा, मग दुर्बीण लावा

लडाखमधल्या त्सो कार या खाऱ्या तळ्याचा जूनमधला रस्ता सरळ आहे. लेह, उपशी, रुमत्से, तागलांग ला (ला म्हणजे खिंड), देबरिंग. तिथे मनाली रस्ता सोडून तळ्याजवळचं थुक्जे गाव. जपायचं ते उंचीला. लेह 3500 मीटरवर, तळं साधारण 4530 वर. लेहमध्ये दोन पूर्ण दिवस आणि रुमत्सेला एक मुक्काम करूनच पुढे जा. खरी मेख परतीत आहे: त्रास झाला तर खाली उतरायलाही आधी जवळपास 5300 मीटरचा तागलांग ला चढावा लागतो. पुगा-माहेच्या बाजूला पोलोकोंगका ला थोडा कमी उंच, पण चढ आहेच. म्हणून रुमत्सेला डोकं दुखत असेल तर तिथूनच मागे फिरा.

तळ्यातून पाणी बाहेर जात नाही, नुसतं वाळतं. त्यामुळे काठावर मिठाचा पांढरा थर साचतो. दिसायला फरशीसारखा टणक, पण बोटाने खपली उचलली की खाली काळा, ओला, वास मारणारा चिखल. गाडी इथेच आसापर्यंत रुतते, आणि ओढायला दुसरी गाडी मिळेलच असं नाही. जुन्या चाकोरीतूनच चालवा. जरा वर गवताळ ओलीत जमीन गोठून-वितळून उंचवट्यांची झालेली असते; तिथे चालतानाही पाय मुरगळतो. वाढीचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा, त्यामुळे चाकाखाली चिरडलेलं गवत भरून यायला वर्षं लागतात.

क्रौंच शोधायचे तर खारं तळं सोडा. शेजारचं स्तार्त्सापुक त्सो गोडं आहे, कारण त्याचं पाणी त्सो कारमध्ये उतरतं. काळ्या मानेचे क्रौंच तिथल्या दलदलीत घरटं करतात, अंडी बहुधा दोन. रस्त्यावरूनच बघा, 60 मिमीचा स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण) पुरतो. पक्षी मान ताठ करून उभा राहिला की तुम्ही फार जवळ आलात, मागे सरा. कियांग, म्हणजे इथली रानगाढवं, मोकळ्या खडकाळ मैदानात दिसतात. ते गाडीसोबत धावू लागले की ड्रायव्हर हौसेने वेग वाढवतो. त्याला आधीच बजावून ठेवा. फोटो सकाळी नऊच्या आत काढा, नंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचं सगळं धूसर येतं.

पाणी इथे 85 अंशांच्या आसपासच उकळतं, डाळीला कुकर हवाच. उरलेलं अन्न मात्र एक घासही टाकू नका. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच क्रौंचांची अंडी-पिल्लं खातात. सगळं बांधून लेहला परत आणा.