फास्ट-मॅथ लावण्याआधी बेरीज तपासा

फास्ट-मॅथ हा कंपायलरचा पर्याय (फ्लॅग) वेगासाठी दशांश आकडेमोडीचे काटेकोर नियम सैल करतो. हिंगणघाटसारख्या कापसाच्या बाजारपेठेत ऐन हंगामात उलाढालीचे आकडे कोटींत जातात. ती बेरीज सिंगल प्रिसिजन फ्लोटमध्ये (३२ बिटांत अपूर्णांक ठेवणारा प्रकार) एकेक रुपयाने केली तर १,६७,७७,२१६ रुपयांवर अडते. त्यात एकेक करून हजार वेळा १ रुपया मिळवा, उत्तर तेवढंच राहतं, कारण फ्लोटच्या अंकांना २४ बिटच मिळतात. पैशांचा हिशेब पूर्णांकातच ठेवावा. पण बाकी आकडेमोडीत बेरजेचं सांडलेलं परत गोळा करायला काहान पद्धत वापरतात. स ही आतापर्यंतची बेरीज, य हा मिळवायचा आकडा: ट = स + य, मग क = (ट − स) − य. हा क म्हणजेच सांडलेला भाग (उलट चिन्हाने), तो पुढच्या मिळवणीत वळता होतो.

फास्ट-मॅथ फ्लॅग लावला की कंपायलर इथे शाळेतलं बीजगणित लावतो, क शून्य ठरवतो आणि ती ओळच उडवतो. बिल्ड बिनतक्रार होतं. टेस्टमध्ये दहा-बारा छोटे आकडे असतील तर टेस्टही पास! म्हणून वरचंच उदाहरण टेस्टमध्ये घाला. उत्तर १,६७,७८,२१६ आलं पाहिजे.

पावसाच्या नोंदींचं दुखणं वेगळं. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद आली नाही की आपण तिथे नॅन (NaN, म्हणजे 'आकडा नाही' ही खूण) ठेवतो. फास्ट-मॅथमध्ये 'नॅन कधी येणारच नाही' हे गृहीत असतं, त्यामुळे इझनॅनची (नॅन आहे का ते विचारणाऱ्या फंक्शनची) तपासणी कायम 'नाही' म्हणते आणि जिल्ह्याची सरासरी नॅन होते. ती तपासणी वेगळ्या फाइलीत, फ्लॅगशिवाय कंपाइल करा.

फास्ट-मॅथ नसतानाही एक खोड उरते. जीसीसी या कंपायलरला मार्च-नेटिव्ह (-march=native, म्हणजे याच मशिनच्या प्रोसेसरसाठी बांध) दिलं आणि प्रोसेसरला तशी सोय असली, की गुणाकार-बेरीज एकत्र करून एकदाच राउंडिंग होऊ शकतं. अचूकता सहसा वाढते, पण अ×अ − ब×ब मध्ये अ आणि ब सारखे असले तरी शून्याऐवजी बारीक ऋण आकडा येऊ शकतो. वर्गमूळ घेतलं की नॅन. तेवढ्या फाइलीला एफपी-कॉन्ट्रॅक्ट ऑफ (-ffp-contract=off, हे एकत्रीकरण बंद करणारा पर्याय) द्यावं.

समीकरणं सोडवणाऱ्या लायब्ररीत बिट-दर-बिट जुळणीचा हट्ट धरू नये. इथे अ हे मॅट्रिक्स, क्ष हे उत्तर आणि ब ही उजवी बाजू. अवशेष ब − अ×क्ष याचा नॉर्म (एकूण मोठेपणाचं माप) काढून त्याला मॅट्रिक्स व उत्तराचे नॉर्म, आकारमान आणि एप्सिलॉन (१ नंतरच्या पुढच्या आकड्यापर्यंतचं अंतर, ६४ बिटांच्या डबलसाठी सुमारे २.२ × १०⁻¹⁶) यांच्या गुणाकाराने भागा, लॅपॅक या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीच्या अशा चाचण्यांत ३० ही मर्यादा असते. आकार ३, ७, १७ असेही घ्या, नाहीतर व्हेक्टर लूपची (एका वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या लूपची) उरलेली शेपटी तपासलीच जात नाही. टेस्ट फसली तर निम्म्या ऑब्जेक्ट फाइली ओ-शून्यने (-O0, ऑप्टिमायझेशन बंद), निम्म्या ओ-३ ने (-O3, जोरदार ऑप्टिमायझेशन) बांधून लिंक करा. प्रत्येक फेरीत संशयित निम्म्यावर येतात.