पाळण्यामागच्या बोर्डवर काय लिहायचं

बारशाची ऑर्डर असली की हॉलवर पोहोचल्या पोहोचल्या मी आधी पाळण्यामागचा बोर्ड बघते. हल्ली त्यावर बाळाचं संपूर्ण नाव असतं, जन्मतारीख, जन्मवेळ, वजन, कधी कधी हॉस्पिटलचं नावसुद्धा. सोनेरी अक्षरं, झेंडूची कमान, समोर गोतावळा. फोटो देखणा येतो आणि संध्याकाळपर्यंत आत्या, मामा, मावशी, शेजारच्या काकू अशा सगळ्यांच्या स्टेटसला लागतो. आपल्याकडे पूर्ण नाव म्हटलं की वडिलांचं नाव त्यात आलंच. मामाने ‘माझा भाचा’ लिहून बहिणीला टॅग केलं की आईचं माहेरचं आडनावही कळलं. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव विचारून ओळख पटवण्याची पद्धत अजून संपलेली नाही. बाळाला मान धरता येण्याआधी त्याची ही सगळी माहिती अनोळखी माणसांच्या हाती गेलेली असते.

नाशिकमध्ये बारशी, बोरन्हाणं आणि पहिल्या वाढदिवसांचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे फोटो काढू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. बोरन्हाणात काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले जातात. तेव्हा ते आधी दचकतं, मग आईकडे बघतं, आणि आई हसतेय म्हटल्यावर हसतं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं आणि पुन्हा होत नाही. तो क्षण घरात जपलेला असायलाच हवा. प्रश्न आहे तो घराबाहेर कोणाकोणाच्या हाती जातो, एवढाच.

पूर्वी अल्बम कपाटात असायचा. पाहुणे आले, चहा झाला की बाहेर निघायचा. बिनकपड्यांचा, तेल लावलेला फोटो बघून आजी हसायची आणि अल्बम परत कपाटात जायचा. आता तसाच फोटो सार्वजनिक पानावर टाकला की तो परत आणता येत नाही. जून २०२४ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने दाखवून दिलं की एआयला चित्रं शिकवण्यासाठी वापरलेल्या लायन-५बी या साठ्यात ब्राझीलच्या खऱ्या मुलांच्या फोटोंचे दुवे होते. काहींच्या मथळ्यात मुलाचं नाव आणि ठिकाणही होतं. तो साठा सुमारे ५८५ कोटी चित्रांचा, आणि त्याचा अगदी नगण्य भाग तपासून हे सापडलं. त्यात घरच्यांनी कौतुकाने ब्लॉगवर टाकलेले फोटोही होते. मालिशीचे, न्हाऊ घालतानाचे फोटो मी लिंकवर देत नाही, पेन ड्राइव्हवर देते, ते याचसाठी.

कायदा इथे फार मदतीला येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. पण वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरणारी व्यक्ती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. शिवाय संमती द्यायची ती आईबाबांनी. मग टाकणारे आईबाबाच असतील तर मुलाच्या बाजूने कोण बोलणार? फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये यावर कायदा केला: मुलाच्या छबीचं रक्षण आई आणि वडील दोघांनी मिळून करायचं, आणि वय व समज पाहून मुलालाही निर्णयात घ्यायचं. हे मला फार योग्य वाटतं.

कारण मुलांना मत असतं. धाकट्या भावाच्या बोरन्हाणात एक सात-आठ वर्षांची ताई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “काकू, माझा रडलेला फोटो मम्मीला नका ना देऊ. ती स्टेटसला ठेवते, मग शाळेत सगळे चिडवतात.” त्या शाळेतल्या मुलांच्या आया तिच्या आईच्या फोनमध्ये होत्याच. मी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं. तिने लेकीला जवळ बसवलं आणि कॅमेऱ्यावरचे फोटो तिलाच निवडायला लावले. कोणते घरात राहतील आणि कोणते मामाला जातील, हे त्या मुलीने भराभर सांगितलं.

आमच्या धंद्यातली एक पद्धत मला मुळीच पटत नाही. ‘रील टाकायची परवानगी द्या, पॅकेजमध्ये सवलत घ्या.’ नव्या आईबाबांचा खर्च आधीच वाढलेला असतो, दोन-तीन हजार सुटले तर बरंच वाटतं. पण ती किंमत बाळाच्या चेहऱ्याने चुकवलेली असते आणि बाळाला कोणी विचारलेलं नसतं. माझ्याकडे परवानगीची ओळ बुकिंगच्या कागदावर वेगळी आहे, उत्तर आधीपासून ‘नको’ असं धरलेलं आहे, आणि दर दोन्हीकडे तोच. नव्या ग्राहकांना मी स्टुडिओत छापील अल्बम दाखवते, तेही त्या त्या घरच्यांना विचारून.

बोर्डवर फक्त घरात हाक मारायचं नाव लिहा, तारीख-वेळ पत्रिकेत असू द्या. वाढदिवसाला गणवेश आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून मगच फोटोला उभं करा. सोसायटीच्या नावाची कमान मागे येऊ देऊ नका. फोनमधला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर त्यात जागेची नोंद तशीच जाऊ शकते, तेव्हा फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. स्टेटस कोणाला दिसेल ते सेटिंगमध्ये ठरवता येतं, त्याला दोन मिनिटं लागतात.

आणि आजींचं काय, हे प्रत्येक सून मला विचारते. त्यांना नातवाचं कौतुक भिशीत दाखवायचंच असतं, आणि का दाखवू नये? त्यांच्यासाठी मी प्रत्येक ऑर्डरमध्ये पर्समध्ये मावेल एवढी छोटी छापील अल्बम-वही देते. बुकिंग करताना ती किती आज्यांसाठी हवी, तेवढं सांगा.