पाण्याला थारा न देणारं एन्झाइम

गोव्यात म्हापशाच्या दुलेर मैदानावर फुटबॉलची मॅच बघायला बसले की माझी नजर चेंडूपेक्षा खेळाडूंच्या पोटऱ्यांवर जास्त. बायोकेमिस्ट्री शिकवून जडलेला हा रोग. विंगवरचा पोरगा सुसाट सुटतो तेव्हा त्याच्या पोटरीत ग्लायकोजेन फॉस्फोरायलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, कामाला जुंपलेलं असतं. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूत साठवलेली ग्लुकोजची फांद्या फुटलेली साखळी. आणि मुलांच्या नोट्समध्ये त्याची बोळवण किती? ‘ग्लायकोजेनचे विघटन करते.’ झालं!

अहो, पण कसं करतं? सकाळची पेज असो की उंडो पाव, त्यातला स्टार्च आपल्या पोटात पाण्याचा रेणू वापरून तुटतो. हे एन्झाइम मात्र फॉस्फेट वापरतं. त्यामुळे साखळीच्या टोकाचा ग्लुकोज सुटतो तोच फॉस्फेट घेऊन. असा ग्लुकोज पेशीबाहेर निसटू शकत नाही. शिवाय एरवी त्याला फॉस्फेट चिकटवायला लागणारा एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, वाचतो. ऑक्सिजनविना एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी हाती लागतात, इथे तीन लागतात. धावणाऱ्याला हे थोडं नव्हे.

एका मुलीने विचारलं, “मॅडम, पेशीत सगळं पाणीच. मग ते मध्ये घुसत कसं नाही?” असा प्रश्न आला की तास सार्थकी लागतो. उत्तर रचनेत आहे. हे एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांची जोडी. स्नायूतल्या एन्झाइमच्या प्रत्येक साखळीत ८४२ अमिनो आम्लं. खरं काम चालतं ते आत खोल, एका अरुंद घळीत, आणि तिथे पाण्याला थारा नाही. तिथेच ६८० क्रमांकाच्या अमिनो आम्लाला, लायसिनला, बी६ जीवनसत्त्वाचं एक रूप जोडलेलं असतं. बी६ वापरणारी बाकीची एन्झाइमं सहसा त्याचा अल्डिहाइडचा भाग वापरतात, हा पठ्ठ्या त्याचं फॉस्फेट वापरतो. घळ अरुंद म्हणून ग्लायकोजेनची फांदी जवळ आली की गाडी अडते. फांदीपासून चार ग्लुकोज उरले की पुढचं काम दुसऱ्या एन्झाइमचं.

चालू-बंद करायचं बटण १४ क्रमांकाच्या अमिनो आम्लावर, सेरिनवर. तिथे फॉस्फेट बसलं की हे जागं होतं. स्नायूला आकुंचन पावायला लावणारं कॅल्शियमच हे फॉस्फेट बसवणाऱ्या एन्झाइमलाही उठवतं, म्हणजे पाय उचलायचा हुकूम आणि इंधनाचा हुकूम एकदमच सुटतो. फॉस्फेट लावून-काढून एन्झाइम चालवण्याची ही युक्ती एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स या शास्त्रज्ञांनी याच एन्झाइमवर शोधली. नोबेल मिळालं १९९२ मध्ये. शोध १९५०च्या दशकातला!

काही जणांच्या स्नायूंत हे एन्झाइम जन्मतःच नसतं. डॉ. ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये अशा एका रुग्णाचं वर्णन केलं. स्नायूत ऑक्सिजनविना ग्लुकोज तुटला की लॅक्टिक आम्ल बनतं, म्हणून व्यायामानंतर त्याच्या रक्तात ते वाढायला हवं होतं, ते वाढलंच नाही. अशी माणसं थोडं धावली तरी पायात गोळे येतात. वेग कमी करून चालत राहिली तर दहाएक मिनिटांत बरं वाटू लागतं, कारण तोवर रक्तातून ग्लुकोज आणि मेदाम्लं पोचू लागतात. व्यायामाआधी साखरेचं पाणी दिलं तरी त्रास कमी होतो. का, ते येत्या पेपरात विचारणार आहे. पाच मार्कांना.