कायदा होण्याआधी तो आम्हाला वाचू द्या

पडवीत बसायला येणारं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. 'गुरुजी, उद्या दिल्लीचा कारभार तुमच्या हाती दिला तर पहिलं काय बदलाल?' विचारणाऱ्याला वाटतं, मी भ्रष्टाचारावर बोलेन, नाहीतर निवडणुकीतल्या पैशावर. माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. पण तुम्ही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

केंद्राचा कायदा किंवा मोठा नियम पक्का होण्याआधी त्याचा मसुदा किमान साठ दिवस लोकांसमोर असावा. मराठीसकट सगळ्या भाषांत असावा. आणि आलेल्या हरकतींचं काय केलं, हे सरकारने लेखी सांगावं. मर्जी असेल तर नव्हे. कायद्यानेच तसं बांधलेलं असावं.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते 2020 च्या जुलैत. टाळेबंदी होती, शाळा बंद होत्या. माझा एक जुना विद्यार्थी लावणीच्या चिखलातून पाय धुऊन थेट आला आणि त्याने मोबाइल पुढे केला. त्यात पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे ईआयएच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा होता. खाण, कारखाना असा प्रकल्प आला तर पर्यावरणाचं काय होईल, हे मंजुरीआधी कसं तपासायचं त्याचे हे नियम. ऐंशीच्या वर पानं, सगळी इंग्रजीत. त्याचा प्रश्न एवढाच होता: 'गुरुजी, ह्यात आमचो गाव खंय आसा?'

मी चार संध्याकाळी ते वाचत बसलो. गाव त्यात होता, आणि अगदी मधोमध होता. खाणीसाठीची जनसुनावणी आमच्या सिंधुदुर्गात लोकांना नवी नाही. 2006 च्या जुन्या ईआयए अधिसूचनेत अशा सुनावणीसाठी लोकांना म्हणणं मांडायला किमान तीस दिवस होते. नव्या मसुद्यात ते वीस केले होते. कागदावर दहा दिवस म्हणजे काहीच नाही. पण लावणीच्या दिवसांत नोटीस निघाली तर? घरचं प्रत्येक माणूस तरवा काढायला नाहीतर खाचरात. तालुक्याला जाऊन प्रकल्पाचा अहवाल बघायचा कुणी, आणि तो समजून घ्यायचा कधी? हा फरक दिल्लीत बसून मसुदा लिहिणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. त्याला दोष देत नाही मी. पण ज्याच्या लक्षात येईल त्याला वाचता येईल अशा भाषेत तो मसुदा हवा की नको?

तो मसुदा इंग्रजी आणि हिंदीत निघाला होता. 30 जून 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या, म्हणजे 22 भाषांत द्यायला सांगितलं आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली. केंद्र सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला आजही कळत नाही की यात लढण्यासारखं काय होतं. आम्ही आमच्यापुरतं काम केलं: मी मराठीत चार पानी सार लिहिलं, पोरांनी ते वाडीवाडीत फिरवलं. देशभरातून लाखो हरकती गेल्या आणि तो मसुदा त्या रूपात कधीच अंतिम झाला नाही.

आता कुणी म्हणेल, असा नियम आहेच की. धोरण आहे, हे खरं. केंद्राने 2014 मध्ये ठरवलं की विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं आणि आलेल्या सूचनांचा गोषवाराही प्रसिद्ध करायचा. वाचायला फार चांगलं आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही म्हणून कायदा रद्द होत नाही. दक्षिण आफ्रिकेत तसं होतं. तिथे संविधानानेच संसदेवर लोकसहभागाची जबाबदारी टाकली आहे, आणि 2006 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने लोकांना पुरेसं ऐकून घेतलं नाही एवढ्याच कारणाने आरोग्यासंबंधीचे दोन कायदे अवैध ठरवले.

संसदेच्या स्थायी समित्या हा आपल्याकडचा दुसरा दरवाजा. लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 खासदार पक्ष बाजूला ठेवून विधेयक कलमवार बघतात, जाणकारांना बोलावतात. 15 व्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं अशा समित्यांकडे गेली. 17 व्या लोकसभेत 16 टक्के. तीन शेती कायद्यांची विधेयकं तर गेलीच नाहीत. सप्टेंबर 2020 मध्ये ती मंजूर झाली, शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. कायदे चांगले की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. समितीत सहा महिने गेले असते तर ते वाया गेले असं कोण म्हणेल?

आणि 'सामान्य माणसाला कायद्यातलं काय कळतं' असं म्हणणाऱ्याला मी विसापूरचं नाव सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं हे गाव. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये रोजगार हमीचा प्रयोग तिथे केला. 1972 च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा तिच्याच पायावर उभा राहिला. गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम, ही अट कशासाठी, हे खडी फोडून संध्याकाळी चुलीपाशी परतणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

उशीर होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. युद्ध, साथ, महापूर अशा वेळी सरकारने तातडीने नियम करावा. पण तातडी कसली ते लेखी सांगावं, आणि सहा महिन्यांत तोच नियम लोकांपुढे ठेवावा. भाषांतराला खर्च येईल, तोही मान्य. कायदा झाल्यावर त्याचं प्रादेशिक भाषांत अधिकृत भाषांतर करण्याची तरतूद 1973 पासून आहेच. तेच काम आधी करायचं.

हरकतींच्या उत्तराबद्दल मात्र मी जास्त हट्टी आहे, कारण ते मी आमच्या ग्रामसभेत शिकलो. तिथे पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ग्रामसेवक वाचू लागले की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी उठतं, 'मागच्या सभेत आम्ही पाणंदीचा सांगितला, त्याचा काय झाला?' त्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा विषय सुरू होत नाही.