नासलं, सडलं, चिघळलं

आमच्या इंग्रजीच्या बाईंना किळसवाण्या शब्दांचं वावडं नव्हतं. बाकीचे शिक्षक पावसाळ्यावर, सहलीवर निबंध घालत. बाई नववीच्या वर्गात येऊन विचारायच्या, "काल कोणाच्या घरी काय खराब झालं?"

उत्तरं येत तशी फळ्याच्या डाव्या अंगाला उतरत. दूध नासतं, भात आंबतो, वरण विटतं, भाजी सडते, पालापाचोळा कुजतो, दात किडतो, दाणे खवट होतात, पाव बुरसतो. मग खडू उजवीकडे सरकवून त्या म्हणायच्या, "मराठीत एवढे चोखंदळ आणि इंग्रजीत सगळ्याला 'बॅड'? चालणार नाही." दूध 'सावर' होतं, लोणी आणि दाणे 'रॅन्सिड', अंडं 'रॉटन'. पाव नुसता शिळा असला तर 'स्टेल', बुरसला तर 'मोल्डी'. या शेवटच्या दोघांत पोरं घोळ घालत, म्हणून त्यांनी पावाचा ओलसर तुकडा काचेच्या बरणीत घालून टेबलावर ठेवून दिला. आधी कडेला पांढरी लव आली, मग मधोमध हिरवट ठिपके, आणि पुढेपुढे पहिल्या बाकावर बसायला कोणी तयार होईना. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात 1928 साली फ्लेमिंग या शास्त्रज्ञाच्या काचेच्या बशीत बुरशी पडली, तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले आणि त्यातून पुढे पेनिसिलिन आलं, हे आम्हाला पहिल्यांदा त्या बरणीपाशी कळलं. विज्ञानाच्या सरांचा धडा तेवढा आधीच फुटला. ते बाईंशी आठवडाभर जरा जपूनच बोलत होते.

बडोद्याच्या मराठी पोरांची गंमत अशी की शब्द आमच्याकडे दोन्हीकडून येत. आई म्हणायची, "त्याला हात लावू नकोस, चेप लागेल." हा 'चेप' गुजराती आहे हे तिच्या गावीही नव्हतं. पुण्याच्या मावशीला तो ऐकून हसू यायचं, कारण तिच्याकडे 'लागण' होत असे. पावसाळ्यात दांडिया बाजारातून पाण्यातनं शाळेत यायचं, म्हणजे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या ठरलेल्या. एकदा कोणीतरी चिखल्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते विचारलं. बाईंनी 'ॲथलीट्स फूट' सांगितल्यावर वर्ग खो खो हसला, कारण विचारणारा पोरगा पीटीच्या तासाला हमखास आजारी पडणारा.

पुढे बडोदा मेडिकल कॉलेजात गेलो. मराठी माध्यमातून आलेल्यांची तिथे भंबेरी उडायची. माझीही उडाली असती, पण नवा शब्द दिसला की त्याचं घर विचारायचं ही बाईंची सवय अंगात मुरली होती. 'अँथ्रॅक्स' म्हणजे ग्रीकमध्ये कोळसा. 'कार्बंकल' म्हणजे लॅटिनमध्ये छोटासा निखारा. आणि आपली आजी दोन्हींना एकच नाव देते, काळपुळी. अँथ्रॅक्सच्या फोडावर खरोखरच काळी खपली धरते, तेव्हा तीन मुलखांतल्या माणसांना तोच रंग दिसावा यात नवल नाही. 'हर्पिस'च्या मुळाशी सरपटणं आहे, आपण त्याच दुखण्यातल्या एकाला नागीण म्हणतो. नागिणीचं डॉक्टरी नाव 'हर्पिस झोस्टर', त्यातला 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. नागिणीचं तोंड शेपटाला मिळालं की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे आहे तशी युरोपातही होती. प्रत्यक्षात हा विषाणू एकाच मज्जातंतूच्या वाटेने अंगावर येतो, त्यामुळे पुरळ बहुधा शरीराच्या एका बाजूला, मध्यरेषेपर्यंतच थांबतं. वेढा सहसा पुरा होतच नाही. घाबरलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना मी हे कागदावर माणूस काढून दाखवलं आहे.

पण बाईंचा खरा उपयोग झाला तो दुखण्याच्या शब्दांत. त्यांनी आमच्याकडून एक पान भरून घेतलं होतं: ठणकणं, चुरचुरणं, झोंबणं, खाजणं, आग होणं, आणि समोर 'थ्रॉबिंग', 'स्मार्टिंग', 'स्टिंगिंग', 'इचिंग', 'बर्निंग'. तेव्हा ते पाठ करताना जीव नकोसा व्हायचा. ओपीडीत बसल्यावर कळलं की निम्मं निदान पेशंट बोलूनच जातो. गळू 'ठणकतंय, रात्रभर डोळा नाही' असं कोणी म्हटलं की आत पू कोंडलाय, चीर द्यावी लागणार. खरचटलेलं 'चुरचुरतंय' म्हणाला तर धुऊन पट्टी बांधली की भागतं. खपलीखाली 'खाजतंय' म्हणजे बहुतेक वेळा जखम भरत आलेली. ज्युनिअर मंडळी केसपेपरवर सरसकट 'पेन' लिहीत, त्यांच्यावर मी उगाच ओरडत नसे.

पुवावरून आठवलं. एके काळी युरोपातले डॉक्टर जखमेतल्या दाट, पांढऱ्या पुवाला 'लॉडेबल पस' म्हणत, म्हणजे वाखाणण्याजोगा पू! तो आला की जखम बरी होणार असं धरून चालत. 1865 मध्ये ग्लासगोत लिस्टर या सर्जनने 11 वर्षांच्या एका मुलाचा, गाडीच्या चाकाखाली मोडलेला पाय जंतुनाशक कार्बोलिक ॲसिडच्या पट्टीत बांधला. हाड बाहेर उघडं पडलेला असा पाय तेव्हा अनेकदा कापूनच टाकत. हा पू न होता जुळला. आज कोणीही 'सेप्टिक झालंय' म्हणून मोकळा होतो, त्या 'सेप्टिक'च्या ग्रीक मुळाचा अर्थ कुजणं एवढाच.

कॅज्युअल्टीत तर शब्द कोर्टापर्यंत जातो. धारदार हत्याराची जखम ती 'इन्साइज्ड', कडा साफ. बोथट माराने फाटलेली ती 'लॅसरेटेड', कडा चिंध्या झालेल्या. डोक्यावर मात्र फसगत होते. कातडीखाली लगेच कवटी असल्यामुळे काठीचा मारही कापल्यासारखा सरळ फाटतो. भिंगाखाली कडा चेचलेल्या आणि जखमेत आडवे तंतू तसेच राहिलेले दिसले की समजायचं, काठीच. सर्टिफिकेटवर एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सुरी न पाहिलेला माणूस सुरी चालवल्याच्या आरोपात अडकू शकतो. वकील उलटतपासणीत नेमका तोच शब्द धरून बसतात, आणि त्यांनी धरावाच.

बाईंचं ते दुखण्यांचं पान माझ्या वहीत होतं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यावर शिरलं, त्यात ती वही लगदा होऊन गेली. आमच्या तुकडीतल्या कोणाकडे आपली वही शाबूत असेल तर त्या पानाचा फोटो शाळेच्या कार्यालयाकडे पाठवावा. नववीच्या वर्गात लावायला मोठ्या अक्षरात छापून घेण्याचा खर्च माझ्याकडे लागला.